लाल दोरा, निळं पेन आणि नववा चौकोन

हे प्रकरण माझ्या एका मैत्रिणीचं आहे, तिच्या भरतकामावर लाल दोऱ्याचा रंग पसरला त्याचं. तिनेच सांगितलंय की लिही, फक्त नाव नको, म्हणून इथे ती नुसती 'ती'. यात माझाही हात आहे, काही सल्ले बरोबर निघाले, एक सपशेल चुकला, आणि तो चुकलेला नेमका मी सगळ्यात आत्मविश्वासाने दिलेला होता. तेव्हा हे वाचताना मला तज्ज्ञ वगैरे समजू नका.

पार्श्वभूमी

ती गेली तीनेक वर्षं हौसेने भरतकाम करते. क्लास वगैरे काही नाही, रात्री सगळं आवरलं की तासभर रिंग (कापड ताणून धरायची गोल चौकट) घेऊन बसायचं, एवढंच. कामं छोटीछोटी असतात, बुकमार्क, पाऊच, रिंगमध्येच अडकवून ठेवायची फुलं असली. मोठं असं पहिल्यांदाच घेतलं होतं, ते म्हणजे ताईसाठी भिंतीवर लावायचं नऊ चौकोनांचं पॅनल. प्रत्येक चौकोन १५ सेंटिमीटरचा कापलेला, आत १२ सेंटिमीटरची धावदोऱ्याची चौकट, चौकटीत एक झाड किंवा फूल, चारी बाजूंनी शिलाईला एकेक सेंटिमीटर माया. नऊ चौकोन भरून झाले की एकमेकांना जोडायचे, मागून अस्तर लावायचं, वर दांडी घालायला पट्टी. प्लॅन चांगला होता आणि अजूनही मला वाटतं की छोटे तुकडे भरून मग जोडणं ही हौशी माणसासाठी सगळ्यात सोयीची पद्धत आहे, कारण एक तुकडा बिघडला तर सगळं बिघडत नाही. निदान तसं वाटतं तरी.

कापड ऑफ-व्हाइट मांजरपाट. आणलं, इस्त्री केली, कापलं, आणि भरायला घेतलं. धुतलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिझाइन काढायला पाण्याने जाणारं निळं पेन. दोरा सहापदरी कॉटनचा, त्यातले दोन पदर काढून भरायचं. एक लडी साधारण ८ मीटरची असते, म्हणजे दोन पदरांनी भरलं तर हिशेबाने २४ मीटर दोरा हातात येतो. ऐकायला खूप वाटतं पण भरीव पाकळ्या असल्या की तो कसा संपतो कळत नाही. शिवाय ती लडी उघडली की आधी कागदी पट्टी काढून टाकायची, कारण दोरा कार्डवर गुंडाळायचा असतो आणि ते दिसायला छान दिसतं. पट्टीबरोबर नंबर पण गेला. हेही लक्षात ठेवा.

आठ चौकोन झाले. नवव्यात मोठं लाल फूल होतं, पाच पाकळ्यांचं, सगळं लाँग अँड शॉर्टने, म्हणजे लांब-आखूड टाके शेजारीशेजारी घालून भरलेलं, तिच्या मते आजवरचं तिचं सगळ्यात चांगलं काम, साधारण १४ तास गेले होते त्यात. डावीकडच्या तीन पाकळ्या झाल्या आणि लाल संपला. ताईला पॅनल द्यायला तेव्हा १२ दिवस होते. डब्यात तळाशी एक लाल लडी सापडली, पट्टी नाही, नंबर नाही, कुठल्यातरी मिक्स दोऱ्यांच्या पिशवीतून आलेली. दिव्याखाली दोन्ही लाल शेजारी धरले, सेम दिसले. उजवीकडच्या दोन पाकळ्या तिने त्या दोऱ्याने भरल्या.

काय झालं

भरून झालं की निळ्या रेषा घालवायच्या असतात. ती नेहमी स्प्रेच्या बाटलीने पाणी मारायची, रेषा डोळ्यांदेखत नाहीशा व्हायच्या, संपलं काम. नवव्या चौकोनालाही तेच केलं, रात्री साडेअकराला. दोन मिनिटांत उजवीकडच्या पाकळ्यांच्या कडेने गुलाबी झाक दिसायला लागली.

यानंतरचा अर्धा तास म्हणजे घाबरल्यावर माणूस जे करतो ते सगळं. छोट्या वाडग्यात पाणी, त्यात मीठ, त्यात व्हिनेगर (कुठेतरी वाचलेलं की रंग पक्का होतो), त्यात तुकडा बुडवून ठेवला, पाणी गुलाबी झालं, अजून मीठ टाकलं. मग पिळून खुर्चीच्या पाठीवर पंख्याखाली वाळत टाकला आणि झोपली, म्हणजे झोप लागली नाही पण आडवी झाली.

सकाळी मला फोटो आला आणि खाली फक्त "संपलं" एवढंच लिहिलेलं. मी फोन केला. "अगं आधी सांग, इस्त्री फिरवलीस का?" तर नाही म्हणाली. या सगळ्यात तिने केलेली एक चांगली गोष्ट म्हणजे ही न केलेली इस्त्री. कारण फोटो मोठा करून बघितला तर गुलाबी डागाबरोबरच डाव्या कोपऱ्यात फिकट निळी रेष परत वर आलेली दिसत होती.

आधी कारण शोधलं

तिचं म्हणणं होतं की कॉटनचा लाल दोरा रंग सोडतोच, नशीब खराब. मला ते पटेना, कारण आधीच्या दोन चौकोनांत पण लाल होता, त्यांच्यावरही तिने स्प्रे मारला होता आणि ते स्वच्छ होते. मग तिला विचारलं की डाग नक्की कुठे आहे, सगळ्या फुलाभोवती की एका बाजूला. तिने खिडकीपाशी नेऊन बघितलं आणि गप्प झाली. डाग फक्त उजवीकडे होता. आणि उजेडात दोन्ही लाल सेम नव्हतेच, उजवा किंचित केशरीकडे झुकलेला. दिव्याखाली जुळणारे दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे दिसणं हे नेहमीचं आहे, दोन रंग वेगवेगळ्या मिश्रणातून बनलेले असले की होतं तसं, पण रात्री भरतकाम करणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही.

खात्री करायला उरलेल्या लडीतला बोटभर दोरा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबायला सांगितला. दोन मिनिटांत कापडावर गुलाबी रेघ. डावीकडच्या दोऱ्याचा एक तुकडा सुईत शिल्लक होता, त्याची रेघ आली नाही. म्हणजे दोषी दोरा ठरला.

आता रंग का पसरला ते थोडं सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. दोरा रंगवल्यावर जास्तीचा, धाग्याला नीट न धरलेला रंग धुऊन काढायचा असतो. तो राहिला तर पाणी लागल्याबरोबर विरघळतो आणि पाण्याबरोबर चालायला लागतो. पाणी भरपूर असेल तर पातळ होऊन निघून जातो, पाणी कमी असेल तर शेजारचं कापड ते पाणी शोषतं आणि रंगही. स्प्रेची बाटली म्हणजे नेमकं कमी पाणी. निळ्या पेनचंही तेच, स्प्रेने रेष दिसेनाशी होते पण शाई कापडातच पसरलेली असते, वाळल्यावर कडेला परत उगवते. आणि ओला तुकडा तसाच वाळवला की पाणी कडेकडे सरकत वाळतं आणि रंग तिथे नेऊन सोडतं, म्हणून डागाला ती गडद किनार येते.

मीठ आणि व्हिनेगरबद्दल. व्हिनेगर उपयोगी पडतं ते लोकर, रेशीम, नायलॉनवरच्या अ‍ॅसिड रंगांना, कॉटनचे रंग वेगळ्या जातीचे, त्यांना त्याने काही फरक पडत नाही. मीठ रंगवताना घालतात, रंग कापडाकडे ढकलायला. रंगवताना! म्हणजे छोट्या वाडग्यातल्या गुलाबी पाण्यात मीठ घालून तिने एका अर्थी कापड रंगवायचाच प्रयत्न केला. तिला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

समोरचे पर्याय

एक, काहीच करायचं नाही. भिंतीवरच लावायचंय, कोण बघतंय. पण तो दोरा तसाच ठेवून चौकोन जोडला तर उद्या कधीही पाणी लागलं की शेजारचे चौकोनही गुलाबी. आणि निळी शाई कापडात ठेवून वरून इस्त्री झाली तर ती तपकिरी होऊन कायमची बसते. हा पर्याय पाच मिनिटांत बाद.

दोन, नवा चौकोन. १४ तासांचं काम, १२ दिवस, रोज तासभर. गणित जमत नव्हतं आणि तिला ते परत भरायची इच्छाही नव्हती, जे माझ्या मते जास्त महत्त्वाचं कारण आहे.

तीन, ब्लीच. क्लोरीनवालं तर नाहीच, बाकीच्या दोऱ्यांचे रंगही जातील आणि कॉटन कमजोर होतं. ऑक्सिजनवालं थोडं सौम्य, पण हिरव्या पानांचं काय होईल याची चाचणी न करता नको. ते शेवटचं म्हणून बाजूला ठेवलं आणि शेवटपर्यंत लागलं नाही.

चार, पूर्ण चौकोनच फिक्या गुलाबी रंगात रंगवायचा आणि हे ठरवून केलं म्हणायचं. ही कल्पना तिची, आणि मला खरंतर आवडली होती, पण रंग फक्त कापड घेणार नाही, पांढरी फुलं आणि पिवळे फ्रेंच नॉटही (गाठीचे टाके) घेणार. शिवाय नऊपैकी एकच गुलाबी का हा प्रश्न राहतो.

पाच, धुऊन जितकं निघेल तितकं काढायचं आणि उरेल त्यावर भरतकाम करून झाकायचं.

पाचवा धरला. पण त्यातच खरा वाद झाला: आधी उसवायचं की आधी धुवायचं? तिचं म्हणणं, भरपूर पाण्यात धुतलं तर दोऱ्यातला सुटा रंग निघूनच जाईल, मग उसवायची गरजच नाही, दोन पाकळ्या वाचतील. चुकीचं नव्हतं ते. असं करतात लोक आणि जमतंही. माझं म्हणणं होतं की दोन्ही पाकळ्या दाट भरलेल्या आहेत, आतल्या पदरांतला रंग निघायला किती वेळा धुवावं लागेल माहीत नाही, तितका वेळ तो रंग कापडाजवळच राहणार, आणि नाहीतरी दिवसा तो लाल वेगळा दिसतोच आहे. शेवटी "नाहीतरी वेगळा दिसतोच" यावर ती तयार झाली. त्या दोन पाकळ्या तिला आता बघवतच नव्हत्या.

एक गोष्ट मात्र दोघींना मान्य होती, पाण्याचा क्रम. निळ्या पेनला साधं गार पाणी लागतं, गरम पाणी किंवा साबण आधी लागला तर रेष पक्की होऊ शकते. लाल रंगाला उलट, कोमट-गरम पाणी आणि थोडा साबण असेल तर तो सुटून पाण्यात राहतो. म्हणजे आधी गार, बिनसाबणाचं, निळं पूर्ण जाईपर्यंत, आणि मगच दुसरं. उलटं करून चालणार नाही.

प्रत्यक्ष काय केलं

उसवायचं काम मागच्या बाजूने. बारीक टोकाच्या कात्रीने मागचे टाके थोडेथोडे कापायचे आणि पुढून चिमट्याने उचलायचे, ओढून नाही काढायचे, ओढले की कापडाचे धागे सरकतात आणि भोकं मोठी होतात. कोरडंच असताना केलं. दोन तास दहा मिनिटं, तिने घड्याळ लावलं होतं, का माहीत नाही. लाल धाग्यांचं पीठ झालेलं सगळीकडे, ते चिकटपट्टी हलकी दाबून उचललं, कारण पाण्यात गेल्यावर प्रत्येक कण आपापला ठिपका सोडणार.

मग बादली. वाडगा नाही, बादली. एवढ्याशा तुकड्यासाठी बादलीभर पाणी वेडेपणा वाटतो पण तोच मुद्दा आहे. गार पाणी, २० मिनिटं, पाणी बदलून परत २० मिनिटं. निळं गेलं, उजेडात धरून चारही कोपरे तपासले. गुलाबी तसंच.

दुसऱ्या फेरीत कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब. पाणी हलकं गुलाबी झालं, बदललं, परत झालं. तिसऱ्यांदा फारसं नाही, पण डाग अजून दिसत होता. इथे तिने मला विचारलं, आता काय, आणि मी म्हणाले, पाणी अजून गरम कर, हात घालवणार नाही इतकं, आणि रात्रभर राहू दे. तिने विचारलंही, "कापडाला काही होणार नाही ना?" मी म्हटलं, कॉटन आहे गं, काय होणार.

सकाळी पाण्यात पुसटसा गुलाबी रंग होता आणि डाग जवळजवळ गेला होता. किनार पूर्ण गेलेली, फक्त उजव्या खालच्या पाकळीच्या बाहेर अंगठ्याच्या नखाएवढी झाक उरली, ती पण आहे हे माहीत असलं तरच दिसेल अशी. हिरवा, पिवळा, डावीकडचा लाल, सगळं जागच्या जागी. स्वच्छ पाण्यातून काढून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला आणि सपाट पसरून वाळवला. सुयांची भोकं ओलं असतानाच नखाने हलकं आडवं-उभं घासल्यावर बरीचशी मिटली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग आली नवी अडचण

संध्याकाळी तिचा मेसेज, "हा लहान झालाय का?"

मोजला. १५ चा चौकोन एका बाजूने १४.५, दुसऱ्या बाजूने १४.८. धावदोऱ्याची चौकट १२ ऐवजी ११.६ आणि ११.८५. न धुतलेलं कापड, खळ असलेलं, रात्रभर गरम पाण्यात. आटणारच. विणकामात ताण्याचे धागे जास्त ओढलेले असतात म्हणून त्या बाजूने जास्त आटतं, इतकं मला माहीत होतं, फक्त त्या रात्री आठवलं नाही. कॉटन आहे, काय होणार!

चार मिलिमीटर म्हणजे एरवी काहीच नाही. पण हा चौकोन आठांच्या शेजारी लागणार होता आणि चौकटीच्या रेषा एका ओळीत येणार होत्या, तिथे चार मिलिमीटर डोळ्यात खुपतात. आधी तिने तुकडा परत ओला करून जाड टॉवेलवर ताणून न गंजणाऱ्या टाचण्यांनी अडकवला आणि तसाच वाळू दिला. दोनेक मिलिमीटर परत मिळाले. पुढे कापड ऐकेना, आणि जास्त ताणलं तर भरलेला भाग वाकडा होणार.

इथे दुसरा मोठा निर्णय. मी म्हणाले, बाकीचे आठही गरम पाण्यात घाल, सगळेच सारखे आटतील, प्रश्न मिटेल आणि पुढे कधी धुतलं तरी काळजी नाही. कागदावर हे बरोबरच आहे. ती ठाम नाही म्हणाली. "एक बिघडला तो दुरुस्त करताना चांगले आठ पणाला नाही लावणार मी. त्यांच्यातले सगळे दोरे कुठले आहेत तेही मला आठवत नाही." पट्ट्या फेकून दिल्या होत्या ना. तिच्याकडे जी माहितीच नव्हती तिच्यावर माझा सल्ला उभा होता. आता मागे वळून बघताना या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हा वाटतो मला, आणि तो माझ्या विरुद्ध घेतलेला आहे.

तिने केलं ते असं. नवव्याची फक्त चौकट उसवली आणि परत १२ सेंटिमीटरवर धावदोरा घातला, पाऊण तासाचं काम. माया एक सेंटिमीटरऐवजी एका दिशेला जेमतेम ८-९ मिलिमीटर उरली, ती शिलाईला पुरते. आणि आठ चौकोनांना गरम पाणी नाही पण गार पाणी दाखवणं भागच होतं, कारण त्यांच्यावरही फक्त स्प्रेच मारलेला, निळी शाई आत असणारच. प्रत्येक चौकोन वेगळा, एकेक करून, भरपूर गार पाण्यात. पहिल्या पाच मिनिटांत पाण्याकडे बघत उभी होती म्हणाली. कुठलाही रंग सुटला नाही. दोन चौकोनांवर निळ्या रेषा खरंच परत उगवल्या होत्या, पांढऱ्या फुलाखाली होत्या म्हणून दिसल्या नव्हत्या, त्या गेल्या.

पाकळ्या आणि उरलेली झाक

आता उजव्या दोन पाकळ्या परत भरायच्या. लाल कुठला? जुन्याचा नंबर माहीत नाही. अंदाजाने डीएमसी कंपनीचा ३२१ नंबर आणून बघितला, उजेडात जवळचा होता पण तोच नव्हता. आणि जवळचा असणं सगळ्यात वाईट, कारण जवळजवळ सारखे दोन रंग शेजारी आले की चूक वाटते, बरेच वेगळे असले की ठरवून केलेलं वाटतं. म्हणून तिने त्यापेक्षा गडद ४९८ घेतला, उजवीकडच्या दोन पाकळ्या सावलीतल्या केल्या आणि डाव्या पाकळ्यांच्या मुळाशी पण त्याच गडद दोऱ्याचे थोडे टाके टाकले, म्हणजे तो रंग सगळ्या फुलात फिरला. दोरा भिजवून, पांढऱ्या कापडात दाबून, वाळेपर्यंत ठेवून मगच सुईत ओवला हे वेगळं सांगायला नको.

उसवलेल्या जागी परत भरताना एक जाणवलं तिला, कापड तिथे मऊ आणि थोडं विरळ झालेलं, टाका जरा ओढला की कापड गोळा होत होतं. मागून पातळ मलमलचा तुकडा ठेवून दोन्हीतून एकदम भरलं, रिंगमध्ये दोन्ही कापडं एकत्र ताणून. दोन पाकळ्यांना तीन संध्याकाळी.

उरलेल्या गुलाबी झाकेवर काय करायचं यावर तिने कागदावर चार-पाच चित्रं काढली. फुलपाखरू मी सुचवलं होतं, तिने तोंड वाकडं केलं. शेवटी फिक्या गुलाबी रंगाच्या एकाच पदराने छोटे छोटे विखुरलेले टाके, मध्येमध्ये एखादा फ्रेंच नॉट, फुलातून काहीतरी उडाल्यासारखं. झाक नक्की कुठे संपते आणि टाके कुठे सुरू होतात ते कळेना, हेच हवं होतं. एकाच चौकोनात असले टाके परके दिसले असते म्हणून बाकीच्यांपैकी तीन चौकोनांत पण तसेच थोडे टाकले, सगळ्यांत नाही.

शेवटी काय झालं

ताईला द्यायच्या आदल्या रात्री अस्तर लागलं. चौकटीच्या रेषा जुळल्या, म्हणजे नवव्याची उजवी बाजू मिलिमीटरभर आत आहे, पण ती मला आणि तिला दिसते. पॅनलच्या मागे कोपऱ्यात तिने छोटं कापडी लेबल शिवलं, 'धुवू नये, फक्त झटकावं'. कारण आठ चौकोन न आटलेले आणि एक आटलेला अशी ती जोडी आहे, कधी कोणी बादलीत घातलं तर आठ आटतील, नववा फारसा आटणार नाही आणि मधोमध फुगेल. ही जोखीम तशीच शिल्लक आहे, तिच्यावर उपाय केला नाही, फक्त लेबल लावलंय.

ताईने बराच वेळ हातात धरून बघितलं. फुलाबद्दल, टाक्यांबद्दल वेगळं काही बोलली नाही. फक्त हात फिरवताना थांबून विचारलं, "हा एकच असा मऊ का लागतोय गं?" खळ गेलेली ना त्याची.

आज परत करायचं असेल तर

तिला विचारलं की कुठला एकच निर्णय बदलशील, तर ती दोऱ्याबद्दल नाही बोलली. म्हणाली, कापड आधी धुतलं असतं तर बाकी सगळं निभावलं असतं. मला ते आधी विचित्र वाटलं, रंग तर दोऱ्याने सोडला, पण बरोबर आहे. कापड आधीच गरम पाण्यात धुऊन आटवून घेतलं असतं तर डाग काढायला हवं तेवढं गरम पाणी बिनधास्त वापरता आलं असतं, आणि आठही चौकोन पुढे धुता आले असते. अनोळखी दोरा ही एक चूक होती, पण न धुतलेल्या कापडामुळे ती चूक दुरुस्त करायचे रस्ते कमी झाले.

मी बदलेन ती वेळ. रात्री साडेअकराला, सगळं भरून झाल्यावर पहिल्यांदा पाणी दाखवायचं नाही. सकाळी, उजेडात, बादली भरलेली असताना. आणि रंग सुटलाच तर पहिल्या मिनिटाला तुकडा भरपूर पाण्यात टाकायचा आणि काही सुचेपर्यंत तो ओलाच ठेवायचा, वाळू द्यायचा नाही. तिने त्या रात्री पंख्याखाली टाकण्याऐवजी बादलीत सोडून दिला असता तर कदाचित ती नखाएवढी झाक पण राहिली नसती. कदाचित, कारण मिठाच्या पाण्यात तुकडा आधीच गेला होता.

ज्यावर आमचं अजून एकमत नाही ते म्हणजे उसवणं. तिला अजूनही वाटतं की आधी धुऊन बघायला हवं होतं, निदान एक रात्र, पाकळ्या कदाचित वाचल्या असत्या आणि कापड विरळ झालं नसतं. असेलही. दोन्ही करून बघायला दोन चौकोन नव्हते.

बाकी बारीकसारीक बदल तिने केलेत. पट्टी आता फेकत नाही, नंबराचा भाग कापून कार्डला स्टेपल करते. नवा गडद लाल, गडद निळा, काळा किंवा हाताने रंगवलेला कुठलाही दोरा आला की बोटभर तुकडा भिजवून पांढऱ्या चिंधीवर दाबते आणि ती चिंधी कार्डबरोबरच ठेवते, म्हणजे सहा महिन्यांनी परत तीच शंका नको. मोठ्या कामाला लडी दोन घेते, एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून. निळं पेन अजून वापरते, स्प्रेची बाटली मात्र आता झाडांना.

ती बेनामी लाल लडी तिने टाकली नाही. तिला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवलीय, गाठ एव्हाना गुलाबी झालीय, आणि परवा बघितलं तर ती काळ्या फेल्टच्या एका तुकड्यावर तोच दोरा घेऊन काहीतरी भरत बसली होती. मी नुसतं बघितलं तिच्याकडे, तर म्हणाली, "याला पाणी लागणार नाहीये."